वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता

हरिनाम सप्ताहात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, मध्ये मृदंग घुमत असतो, आणि चाल वाढवावयाची झाली म्हणजे सर्वांच्या नजरा मुख्य गायकाकडे वळतात, हे डिंगोऱ्याच्या पंचक्रोशीतील मुलांस सांगावयास नको. प्रार्थनामंदिरात गीत चालले असता पेटी वाजविणाऱ्याने मान हलविली की सारी मंडळी एकदम पुढचे कडवे उचलतात, तोही प्रकार त्यातलाच. लेझमीच्या रांगेस शिक्षकांच्या शिटीचा आधार असतो. परंतु ह्या तिन्ही ठिकाणी जो पुढे असतो तो स्वतः गातो, वाजवितो, निदान शिटी तरी फुंकतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदापुढे जो गृहस्थ उभा राहतो तो मात्र एकही स्वर काढीत नाही. नव्वद-शंभर वादकांच्या मेळ्यात एकटा हाच मुका. आणि जाहिरातीत नाव पाहावे तर ह्याचेच सर्वांत मोठे! हा मनुष्य करतो तरी काय, असा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारल्यास तो रास्तच म्हटला पाहिजे. मुंबईत जन्मलेले आणि जगातील अग्रगण्य संचालकांत गणले गेलेले श्री. झुबिन मेहता ह्यांच्या चरित्राच्या आधाराने त्याचे उत्तर देण्याचा येथे विचार आहे.

प्रथम थोडे शास्त्र पाहू. आवाज हवेतून सेकंदास सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, हे आपण पदार्थविज्ञानात शिकतो. व्यासपीठ सतरा मीटर रुंद असेल, तर एका टोकाच्या वादकाचा आवाज दुसऱ्या टोकास पोहोचण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. परंतु द्रुत लयीत एका सेकंदात दहा-दहा स्वर वाजत असतात. म्हणजे एका स्वराचे आयुष्यच सेकंदाचा दहावा भाग. कानावर विसंबून वाजविणारा शेवटच्या रांगेतील वादक अर्ध्या स्वराने मागे पडेल, आणि त्याचा आवाज ऐकून वाजविणारा त्याहून मागे. प्रकाशास हा विलंब नाही. म्हणून लयीचा हवाला कानाकडून काढून डोळ्यांकडे दिला आहे, आणि छडीचे काम हेच. चार मात्रांच्या आवर्तनात ती पहिल्या मात्रेस खाली, दुसरीस डावीकडे, तिसरीस उजवीकडे व चौथीस वर जाते. आपल्या तालात समेस टाळी व कालास हाताचा इशारा असतो, तसेच हे समजावे.

परंतु लय दाखविणे हा त्या कामाचा सोपा भाग होय. खरे काम अगोदरच, वाचनाच्या मेजावर झालेले असते. प्रत्येक वादकापुढे त्याच्या वाद्यापुरते लिहिलेले स्वर असतात. व्हायोलिनवाल्यास नगाऱ्याचे काय चालले आहे हे आपल्या कागदावरून कळत नाही. सर्व वाद्यांचे स्वर एकाखाली एक लिहिलेला समग्र ग्रंथ संचालकापुढेच असतो. त्याच्या एका पानावर वीस-पंचवीस ओळी, आणि त्या एकामागून एक नव्हे तर सर्व एकदम वाचावयाच्या! त्यात आणखी एक खोड अशी की, काही वाद्यांचे स्वर लिहिलेले एक असतात व वाजतात निराळे. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये दिसते ते क्लॅरिओनेट घ्या. त्याच्या नेहमीच्या जातीवर कागदावरील षड्ज वाजविला असता कानी कोमल निषाद पडतो. संचालकाने हे सर्व मनात फिरवून, एकही वाद्य वाजण्यापूर्वी, संपूर्ण रचना डोक्यात ऐकली पाहिजे. मग तालमीच्या वेळी जे प्रत्यक्ष ऐकू येते व जे मनात ऐकले होते त्यांतील अंतर काढीत जाणे, हेच त्याचे काम. थोडक्यात, तो दाखविण्यासाठी उभा असतो त्याहून अधिक ऐकण्यासाठी उभा असतो.

ह्या धंद्याचा आरंभ मोठा मौजेचा आहे. फ्लॉरेन्समध्ये १६३२ साली जन्मलेला लुली हा संगीतकार फ्रान्सच्या राजदरबारी होता. तो जड काठी जमिनीवर आपटून ताल धरीत असे. एकदा ती त्याच्या स्वतःच्याच पायावर बसली. जखम चिघळली, आणि १६८७ साली तो त्या दुखण्यानेच वारला. हातातील हलकी छडी एकोणिसाव्या शतकात रूढ झाली, ही वादकांप्रमाणे संचालकांसही सुखाची गोष्ट म्हणावयाची.

त्याच इटलीतील आर्तुरो तोस्कानिनी ह्यांचे उदाहरण तर प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहे. पार्मा येथील एका शिंप्याचा हा मुलगा. चेलो ह्या मोठ्या तंतुवाद्याचे शिक्षण घेऊन तो एका फिरत्या ऑपेरा-मंडळीबरोबर दक्षिण अमेरिकेस गेला. १८८६ च्या ३० जूनला रिओ दि जानेरो येथे संचालकाविषयी मोठा बखेडा झाला. बदली संचालकास प्रेक्षकांनी उभेच राहू दिले नाही. तेव्हा वादकांत बसलेल्या ह्या एकोणीस वर्षांच्या पोरास मंडळींनी पुढे ढकलले. त्याने समोरचा ग्रंथ मिटविला आणि 'आयीदा' हा व्हेर्दीचा संपूर्ण ऑपेरा मुखोद्गत चालविला. त्याची नजर अधू होती. म्हणून सर्व पाठ करण्याची त्याने सवयच लावून घेतली होती. हेच तोस्कानिनी पुढे मिलानच्या ला स्काला नाट्यगृहाचे व नंतर न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. १९३१ साली बोलोन्या येथे फॅसिस्ट पक्षाचे गीत वाजविण्याचे त्यांनी नाकारले, तेव्हा गुंडांनी त्यांच्यावर हात टाकला. जर्मनीत यहुदी वादकांचा छळ सुरू झाल्यावर त्यांनी तेथील बायरॉइटच्या उत्सवाकडे पाठ फिरविली. आणि १९३६ च्या डिसेंबरात, युरोपातून परागंदा झालेल्या यहुदी वादकांचा जो नवा वृंद तेल अवीव येथे उभा राहिला, त्याचा पहिला कार्यक्रम ह्याच इटालियन गृहस्थाने चालविला. ह्या वृंदाची आठवण वाचकांनी ठेवावी. त्याच्याशी पुढे आपले काम आहे.

त्याच १९३६ च्या २९ एप्रिलला मुंबईत एका पारशी कुटुंबात झुबिन ह्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मेहली मेहता (१९०८-२००२) हे व्हायोलिनवादक. १९३५ साली त्यांनी 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला होता. त्या काळच्या मुंबईत सिंफनी वाजविणारा वृंद जमविणे म्हणजे काय, ह्याची कल्पना आज येणे कठीण. काही पारशी, काही हौशी युरोपीय, हिटलरच्या छळामुळे इकडे आलेले काही यहुदी, आणि बरेचसे गोमंतकीय ख्रिस्ती वादक अशी ही मंडळी होती. गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत मुलांस स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत असत. म्हणून स्वर वाचून वाजविणारी माणसे हवी असल्यास मुंबईस गोव्याकडेच पाहावे लागे. फुंकून वाजविण्याच्या वाद्यांची उणीव पडे, ती आरमाराच्या बँडमधील वादक भरून काढीत. ह्या लोकांपैकी पुष्कळांचे पोट हॉटेलांतील नाचाच्या बँडावर व चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर चाले. सिंफनी ही त्यांची आवड, भाकरी दुसरीकडची.

अशा घरात मुलगा वाढला. बाहेरच्या खोलीत वडिलांच्या तालमी चालत, त्या तो ऐके. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकत समग्र स्वरग्रंथ चाळी. सोळाव्या वर्षी वडिलांच्या वृंदाच्या तालमी तो अधूनमधून स्वतः घेऊ लागला. संगीतावर संसार चालत नाही हे घरच्यांनी जवळून पाहिले होते. तेव्हा माझगावच्या सेंट मेरीज शाळेतून बाहेर पडल्यावर डॉक्टर होण्याच्या हेतूने त्याने सेंट झेवियर कॉलेजात दोन वर्षे काढली. पालकांनी त्यावरून घरच्यांस दोष देऊ नये. ज्या शहरात एकाही वादकास सिंफनी वाजवून कायम पगार मिळत नव्हता, त्या शहरातील बापाने आणखी काय सांगावे? तरीही १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मुलगा व्हिएन्नास गेला, आणि त्यास पाठविणारे वडीलच होते.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, मेहलीही मुंबई सोडून इंग्लंडात गेले. मँचेस्टरच्या प्रख्यात हॅले वाद्यवृंदात त्यांनी नोकरी धरली. ज्याने आपल्या शहरात वृंद उभा केला त्याने परक्या शहरातील वृंदात रांगेमध्ये बसून वाजवावे, ह्यात काहींस उतार दिसेल. मला तसे वाटत नाही. जे त्यांस आयुष्यभर हवे होते, म्हणजे रोज उत्तम वादकांच्या संगतीत वाजविणे, ते तेथे त्यांस मिळाले. पुढे ते अमेरिकेत गेले आणि लॉस एंजेलिस येथे तरुण वादकांचा एक वृंद १९६४ पासून १९९८ पर्यंत, म्हणजे नव्वदीपर्यंत, घडवीत राहिले. मुंबईने मात्र असा शिक्षक गमावला, हे खरेच.

व्हिएन्नात झुबिन ह्यांनी डबल बास हे माणसाएवढे तंतुवाद्य वाजविण्यास घेतले. संचालनाचे शिक्षण हान्स स्वारोव्स्की ह्यांजकडे होते. हे गुरू मोठे कडक. हावभावांचा त्यांस तिटकारा, रचनेचा सांगाडा वाचता आला पाहिजे हा त्यांचा आग्रह. परंतु शिष्यास एक अडचण होती. थोर संचालक तालीम कशी घेतात हे पाहावे, तर विद्यार्थ्यांस तालमीत प्रवेश नसे. तेव्हा झुबिन व त्यांचा इटालियन सहाध्यायी क्लाउदिओ आबादो ह्या दोघांनी युक्ती काढली. तालमीत गायकवृंदास तर बोलावतातच. मग गायकवृंदातच शिरावे! दोघेही खर्जाच्या रांगेत भरती झाले, आणि ब्रूनो वॉल्टर, कारायान अशांच्या समोर उभे राहून, गाता गाता, त्यांचे हात व डोळे पाहून घेतले. इटलीत सिएना येथील उन्हाळी वर्गासही दोघे बरोबर होते. आबादो पुढे ला स्कालाचे व नंतर बर्लिनच्या वृंदाचे प्रमुख झाले. तोस्कानिनी चेलोच्या खुर्चीवरून उठले, मेहता डबल बास आणि गायकांच्या रांगेतून आले. संचालकाची शाळा ही रांगेतच असते, असे ह्या दोन उदाहरणांवरून दिसते.

१९५६ साली हंगेरीतील उठाव चिरडला गेला व निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. त्या वेळी झुबिन ह्यांनी आठवड्याच्या आत विद्यार्थ्यांचा वृंद जमवून व्हिएन्नाजवळच्या छावणीत कार्यक्रम केला. वय अवघे वीस. १९५८ साली लिव्हरपूलच्या स्पर्धेत पहिले बक्षीस मिळाले. तरी पहिला काळ ओढगस्तीचाच गेला. दैव उघडले ते इतरांच्या आजारपणामुळे. माँट्रियल व लॉस एंजेलिस येथे ज्येष्ठ संचालक येऊ शकले नाहीत, त्यांच्या जागी ऐन वेळी ह्यांस बोलावले, आणि वृंदांनीच ह्यांस ठेवून घेण्याचा आग्रह धरला. अशा वेळी सर्व रचना तयार असावी लागते. आठ दिवसांची मुदत मागता येत नाही. पंचविशी गाठली तोच व्हिएन्ना, बर्लिन व इस्रायल ह्या तिन्ही ठिकाणच्या वृंदांपुढे ते उभे राहिले होते. लॉस एंजेलिसचे प्रमुखपद मात्र थोड्या कटुतेतून आले. नियोजित प्रमुख गेओर्ग शोल्टी ह्यांस न विचारता व्यवस्थापकांनी ह्यांची साहाय्यक म्हणून नेमणूक केली. शोल्टी रागावून निघून गेले, आणि १९६२ साली सव्विसाव्या वर्षी मेहता तेथील प्रमुख झाले. ते पद त्यांनी १९७८ पर्यंत सांभाळले.

जिभेमुळे ते एकदा अडचणीतही आले. १९६७ साली न्यूयॉर्कच्या वृंदाविषयी त्यांनी एका साप्ताहिकाजवळ बरेच टोचून बोलून टाकले. तेथील वादक खवळले आणि ह्यांस क्षमा मागावी लागली. अकरा वर्षांनी, १९७८ मध्ये, त्याच वृंदाचे ते प्रमुख झाले व १९९१ पर्यंत राहिले. वृत्तपत्रांतील टीकाकारांनी त्यांस तेथे फारसे गोंजारले नाही; त्यांच्या वादनात झगमगाट अधिक व खोली कमी असे पुष्कळ वेळा लिहून आले. पण ज्या वादकांशी भांडण झाले त्यांच्याबरोबर तेरा वर्षे काढली, हे टीकेपेक्षा मला अधिक बोलके वाटते.

आता ऑपेराविषयी. आपल्याकडे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून संगीत नाटक मराठी मनुष्यास परिचित आहे. त्यात गद्य संवाद असतात, मध्ये पदे येतात. गायक-नट तान लांबवील तशी ऑर्गनवाल्याने व तबलजीने त्याची संगत करावयाची. तेथे गायक हाच संचालक. इटालियन ऑपेरात बहुधा अथपासून इतिपर्यंत सर्व गाऊनच होते, आणि प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर आधी लिहिलेला असतो. रंगमंचापुढील खोलगट जागेत वादक बसतात. वर नट चालतात, भांडतात, मरतात, आणि हे सर्व करीत असता गातात. संचालकाचा एक डोळा वर, एक खाली. गायिकेचा श्वास नेहमीपेक्षा आधी संपत आला, हे तिच्या खांद्यावरून ओळखून त्याने सत्तर वादकांस निमिषात पुढे सरकवावे लागते. आमच्या संगतकारांस हे कसब ठाऊक आहे. येथे ते सत्तरपट आहे एवढेच.

मेहता ह्यांनी माँट्रियल येथे पुच्चिनीच्या 'तोस्का' ह्या ऑपेराने आरंभ केला. १९६५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ते प्रथम उभे राहिले तेही 'आयीदा' घेऊन, ज्या कृतीने तोस्कानिनींचे नाव झाले होते. ऑपेराचा जन्म सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समध्ये झाला. त्याच फ्लॉरेन्सच्या 'माज्जिओ म्युझिकाले' ह्या संस्थेचे ते १९८५ पासून २०१७ पर्यंत प्रमुख संचालक होते. म्युनिक येथील बव्हेरियाच्या ऑपेरागृहाची धुरा १९९८ ते २००६ त्यांच्याकडे होती. फ्लॉरेन्सच्या मंडळीसह १९९८ साली त्यांनी पेकिंगच्या राजवाड्याच्या आवारात 'तुरांदोत' केले. एका चिनी राजकन्येची ही इटालियन कथा त्या भूमीवर प्रथमच अशी उभी राहिली. १९९० च्या ७ जुलैस रोमच्या प्राचीन स्नानगृहांच्या अवशेषांत पावारोत्ती, दोमिंगो व कारेरास हे तिघे गायक एकत्र गायिले, त्या प्रसंगी छडी ह्यांच्याच हाती होती. तो कार्यक्रम जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिला. गंभीर प्रवृत्तीच्या रसिकांनी त्यावर नाके मुरडली, त्यांचेही सर्वस्वी चुकले असे नाही.

तेल अवीवच्या ज्या वृंदाचा आरंभ तोस्कानिनींनी केला, त्याशी मेहता ह्यांचा संबंध सुमारे अठ्ठावन्न वर्षे टिकला. १९६१ साली ते तेथे प्रथम उभे राहिले. १९७७ मध्ये प्रमुख झाले, १९८१ मध्ये ते पद त्यांस तहहयात दिले गेले, आणि २०१९ साली ते स्वेच्छेने निवृत्त झाले. १९६७ च्या युद्धात ते तेथे धावून गेले. १९९१ साली इराकची क्षेपणास्त्रे पडत असता विषारी वायूपासून रक्षण करणारे मुखवटे जवळ घेऊन बसलेल्या श्रोत्यांपुढे त्यांनी कार्यक्रम केले. परंतु ह्याच शहरात १९८१ साली एक प्रसंग असा आला की, त्याचा निवाडा आजही करणे कठीण आहे. वाग्नर ह्या जर्मन संगीतकाराच्या कृती तेथे वाजवीत नसत, कारण तो यहुद्यांचा द्वेष्टा होता व हिटलरचा आवडता. ज्यांस ऐकावयाचे नसेल त्यांनी खुशाल बाहेर जावे, असे सांगून मेहता ह्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी वाग्नरची रचना सुरू केली. गोंधळ उडाला. एक मनुष्य व्यासपीठाजवळ येऊन छळछावणीत अंगावर उमटलेले व्रण दाखवू लागला. संगीत निर्दोष आहे हा संचालकाचा पक्ष. ते व्रणही खरेच होते. पुढे त्यांनी तो आग्रह धरला नाही.

१९९४ च्या जून महिन्यात, वेढा पडलेल्या सारायेव्हो शहरी, तोफांनी जळून गेलेल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या भिंतींत, त्यांनी तेथल्याच वादकांस घेऊन मोझार्टची 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठीची ख्रिस्ती उपासना, वाजविली. वर छप्पर नव्हते. २०१३ साली श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियाचा वृंद नेला, तेव्हा काश्मिरी वाद्यांनाही त्यात स्थान दिले. तेथील काही पक्षांनी त्या दिवशी हरताळ पाळला, हेही नमूद केले पाहिजे. संगीताने वैर मिटते असे म्हणणे सोपे आहे. मेहता जेथे गेले तेथे ते बहुधा मिटले नाही. लोक दीड तास एकत्र बसले, इतके घडले.

भारताचे नागरिकत्व त्यांनी कधी सोडले नाही. १९६६ साली पद्मभूषण व २००१ साली पद्मविभूषण हे किताब त्यांस मिळाले. लॉस एंजेलिसचा वृंद १९६७ मध्ये व न्यूयॉर्कचा १९८४ मध्ये ते भारतात घेऊन आले. इस्रायलचा वृंद आणण्यास मात्र दोन्ही सरकारांचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळेपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, थांबावे लागले. १९९४ साली तो आला. पुढल्याच वर्षी वडिलांच्या नावाने मुंबईत एक संस्था निघाली, ती लहान मुलांस पाश्चात्त्य संगीत शिकविते.

मेहलींनी मुंबई सोडल्यानंतर अर्ध्या शतकाने, २००६ साली, नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला. त्यातील वादकांस पगार मिळतो. मात्र पुष्कळसे वादक कझाकस्तानसारख्या दूरच्या देशांतून आणावे लागले. हिंदी वादक थोडे. ते वाढावेत म्हणून तेथेच मुलांसाठी संगीतशाळा चालविली आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सत्त्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता ह्या वृंदापुढे प्रथम उभे राहिले.

माळशेज घाट उतरून मुंबईस नातलगांकडे जाणारी आपली मुले पुष्कळ आहेत. त्यांपैकी कोणास ह्या वृंदाचा कार्यक्रम पाहण्याचा योग आला, तर त्याने प्रथम संचालकाकडे पाहू नये. आरंभी ओबो हे सनईच्या जातीचे वाद्य एकच स्वर धरील व सर्वजण त्यास आपली वाद्ये मिळवून घेतील, ते ऐकावे. मग मागच्या रांगेतील एखादा डबल बासवाला निवडून, तो किती वेळा मान वर करतो, ते मोजावे.